सातव्या इनिंगचं दुःख मालकांना विकू नका

सोमवारी, २० ऑक्टोबर २०२५ ला, आमच्याकडे सिअ‍ॅटलमध्ये लक्ष्मीपूजन होतं. बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना टोरांटोत, आमच्या वेळेने संध्याकाळी पाचला सुरू होणार होता, म्हणून पूजा सामना संपल्यावर करायची, असं लेकीनेच ठरवून टाकलं. सातव्या इनिंगपर्यंत आमचे मरिनर्स ३-१ असे पुढे होते. १९७७ साली सुरू झालेला हा संघ मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या तीस संघांतला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या तिच्या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, कधीही न खेळलेला एकमेव संघ आहे, आणि तिथवर पोचायला आता फक्त आठ जण बाद करायचे होते. टोरांटोच्या ब्लू जेजचे दोन खेळाडू बेसवर होते. जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि ३-१ चे ३-४ झाले. लेक चकली हातात घेऊन उभी होती. ती चकली तिच्या हातातच राहिली. नवव्या इनिंगमध्ये हूलिओ रॉड्रिगेझ शेवटचा बाद झाला, तेव्हा तिने टोपी काढून सोफ्याच्या हातावर ठेवली आणि काही न बोलता निरांजनात तूप घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी फराळाला घरी पंधरा-वीस माणसं होती. बोलणं हळूहळू सिअ‍ॅटलवरून घसरलं आणि लॉस एंजेलिसवर येऊन थांबलं. शुक्रवारपासून वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोची गाठ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी होती, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: आता बघायचं काय, पैसाच जिंकणार. मग पुढचं वाक्य ठरलेलंच. खेळाडूंच्या पगाराला मर्यादा घाला, प्रत्येक संघाला खर्चाचा सारखा आकडा द्या, म्हणजे आपल्यासारख्यांनाही संधी मिळेल. हे त्याआधीचे दहा दिवस सगळीकडे ऐकू येत होतं. डॉजर्सचे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी तर नॅशनल लीग जिंकल्यावर मैदानातूनच सांगितलं, की लोक म्हणतात आम्ही बेसबॉलची वाट लावतोय, तर आणखी चार सामने जिंकू आणि खरंच वाट लावू. विरोधकांच्या हातात याहून चांगलं कोलीत काय द्यायचं?

मला ही मागणी चुकीची वाटते, आणि ती ज्या घाईने केली जातेय ती धोक्याची वाटते. पगारमर्यादा आली तर सिअ‍ॅटल किंवा मिल्वॉकी वर्ल्ड सिरीजच्या जवळ जाईल याला पुरावा नाही. तिच्यामुळे नक्की होईल ते एवढंच, की आज खेळाडूंकडे जाणारा पैसा मालकांकडे राहील. विषमता खरी आहे. पण ती कमी करायची तर टीव्हीच्या उत्पन्नाची वाटणी करायला हवी आणि जे मालक संघावर खर्चच करत नाहीत त्यांच्यावर किमान खर्चाची सक्ती करायला हवी. या दोन्ही गोष्टी मालकांच्या खिशाला लागतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही.

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. मिल्वॉकी ब्रूअर्सचं जे झालं ते पाहून कुणालाही वाईट वाटेल. मेजर लीगमधलं सगळ्यात छोटं टीव्ही मार्केट, आणि तरी २०२५ मध्ये ९७ विजय, म्हणजे तीसही संघांत सर्वाधिक. साखळीत डॉजर्सशी सहा सामने झाले, सहाही ब्रूअर्सनी जिंकले. मग ऑक्टोबर आला, आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत पुन्हा डॉजर्स. डॉजर्सच्या पिचरने (गोलंदाजाने), ब्लेक स्नेलने, आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला. योशिनोबू यामामोटोने पूर्ण नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. चौथ्या सामन्यात शोहेइ ओहतानीने पिचर म्हणून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच सामन्यात तीन होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर) मारले. ब्रूअर्सना चार सामन्यांत मिळून चार रन करता आले, प्रत्येक सामन्यात एक. ओहतानीचा करार ७० कोटी डॉलरचा आहे आणि त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे आहेत. यामामोटोचा साडेबत्तीस कोटींचा. हे करार मिल्वॉकीचा मालक करू शकला असता का? प्रामाणिक उत्तर द्यायचं तर नाही. डॉजर्सचा स्थानिक टीव्हीचा करार २५ वर्षांचा आणि सुमारे ८३५ कोटी डॉलरचा आहे. दुसरीकडे, अनेक छोट्या शहरांच्या संघांचे सामने दाखवणारी टीव्ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या संघांना ठरलेले पैसे तरी मिळतील का याची चिंता लागली.

पगारमर्यादेच्या बाजूचा याहून भारी मुद्दा वेगळा आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. आपण म्हणतो, बेसबॉलमध्ये दरवर्षी वेगळा विजेता असतो, मग तक्रार कसली? पण पाच-सात सामन्यांच्या मालिकेत नशिबाला फार वाव असतो. साखळीच्या १६२ सामन्यांत जो पैसा दिसतो, तो सात सामन्यांत झाकला जातो. डॉजर्स २०१३ ते २०२५ सलग तेरा वर्षं प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) होते आणि या तेरांपैकी बारा वेळा त्यांनी आपला गट जिंकलाय. विजेते बदलत राहिले म्हणून शर्यत समान आहे असं म्हणणं हा लबाड हिशेब आहे. हे मला मान्य आहे.

पण मग हाच हिशेब पुरता करू. २०२५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पगाराचा आकडा डॉजर्सच्या खालोखाल होता. ह्वान सोटोला त्यांनी ७६.५ कोटी डॉलर कबूल केले. मेट्सनी ८३ सामने जिंकले आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांना घरी बसावं लागलं, प्लेऑफदेखील नाही. लॉस एंजेलिसच्याच परिसरात एंजल्स नावाचा दुसरा संघ आहे. तेच मार्केट, तेच ऊन, तीच श्रीमंती. त्यांच्याकडे २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं ओहतानी होता, शिवाय माइक ट्राउटही होता, आणि या सहा वर्षांत ते एकदाही प्लेऑफला पोचले नाहीत. डॉजर्सचाच इतिहास बघा ना. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरातला हा संघ १९८८ नंतर ३२ वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकला नव्हता, आणि २०११ मध्ये तर आधीच्या मालकाने त्याला दिवाळखोरीच्या कोर्टात नेऊन उभं केलं होतं. शहर तेच, प्रेक्षक तेच. बदलला तो मालक. उलट ब्रूअर्स बघा: २०१८ ते २०२५ या आठ हंगामांत सात वेळा प्लेऑफ. टँपा बे रेज २०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं तिथे होते, आणि रेजच्या स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर कुणालाही मोजता येतात. पैशाने फरक पडतो. पण पैसा आहे म्हणून डोकं येत नाही, आणि पैसा कमी आहे म्हणून डोकं चालवायचं थांबत नाही.

आणि ज्या खेळांत मर्यादा आहे तिथे काय दिसतं? आपल्या माणसांना दूर जायला नको, आयपीएल घ्या. खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येक संघाला सारखीच रक्कम ठरलेली असते. २००८ ते २०२५ अशा अठरा हंगामांत चेन्नई पाच वेळा, मुंबई पाच वेळा आणि कोलकाता तीन वेळा जिंकले. अठरातली तेरा विजेतेपदं तीन संघांकडे. पंजाब आणि दिल्ली पहिल्या वर्षापासून आहेत, त्यांच्याकडे एकही नाही. बंगळूरने अठरा वर्षं वाट पाहिली. थैली सारखी होती, मग निकाल सारखा का झाला नाही? माझ्या घरात वानखेडेवर वाढलेली माणसं आहेत. मुंबई इंडियन्स पैशाने जिंकतात, असं त्यांच्यासमोर म्हणून बघा. मग खेळाडू हेरणारी माणसं, पंड्या, बुमराह कुठून आले, याचं तासभर व्याख्यान ऐकावं लागेल. तीच माणसं डॉजर्सबद्दल मात्र एका वाक्यात निकाल देतात.

अमेरिकेतलं घ्यायचं तर आइस हॉकी. २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडवून मालकांनी तिथे कडक पगारमर्यादा आणली. त्यानंतर २०१६ ते २०२५ या दहा वर्षांतच पिट्सबर्ग, टँपा बे आणि फ्लोरिडा अशा तीन संघांनी सलग दोन-दोन वर्षं स्टॅन्ली कप जिंकला. मर्यादा नसलेल्या बेसबॉलमध्ये मात्र न्यूयॉर्क यांकीजच्या १९९८ ते २००० नंतर २०२४ पर्यंत सलग दोनदा कुणीही जिंकलं नव्हतं. डॉजर्सनी २०२४ पाठोपाठ २०२५ मध्येही वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हे झालं. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून मर्यादा आहे आणि तिथे न्यू इंग्लंडने सहा वेळा सुपर बोल नेला. २००१ ते २०२४ या २४ हंगामांत फुटबॉलचे विजेते संघ तेरा, बेसबॉलचे सोळा. फुटबॉलमध्ये ग्रीन बेसारखं छोटं गाव टिकून आहे हे खरं, आणि तो दाखला सगळे देतात. पण ते टिकलंय याचं मूळ कारण १९६० च्या दशकापासून तिथे राष्ट्रीय टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात हे आहे. पगारमर्यादा त्यानंतर तीस वर्षांनी आली. म्हणजे ज्या औषधाने गुण आला ते बाजूला ठेवायचं आणि नंतर दिलेल्या गोळीला श्रेय द्यायचं, असा हा प्रकार आहे.

माझ्या मित्राचा यावर एक प्रश्न असतो आणि तो मनापासून विचारलेला असतो: माझ्या पोराने ज्या खेळाडूच्या नावाची जर्सी घेतली तो तीन वर्षांनी न्यूयॉर्कला जातो, त्याचं काय? मिल्वॉकीच्या माणसाला हे विचारा. जॉश हेडर गेला, कॉर्बिन बर्न्स गेला, विली अडामेस गेला, डेव्हिन विल्यम्स गेला, व्यवस्थापक क्रेग काउन्सेलही शेजारच्या शिकागोला गेला. या दुःखाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आम्ही ते भोगलंय. १९९८ मध्ये रँडी जॉन्सन गेला, २००० च्या सुरुवातीला केन ग्रिफी गेला, त्याच वर्षाच्या शेवटी अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ २५.२ कोटींचा करार घेऊन टेक्ससला गेला. शहर सुतकात होतं म्हणतात. आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, जपानहून आलेल्या इचिरोला घेऊन याच संघाने ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जखेरीज एवढे कुणी जिंकलेले नाहीत. खेळाडू जाणं आणि संघ संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिअ‍ॅटलइतकं कुणाला कळायला हवं? शिवाय मर्यादा असलेल्या लीगमध्ये खेळाडू जात नाहीत का? तिथे तर आकडा भरला म्हणून आवडता खेळाडू सोडावाच लागतो, मालकाची इच्छा असली तरी. आणि आयपीएलचा मोठा लिलाव आला की निम्मा संघ डोळ्यांदेखत पांगतो; कुठे जायचं ते खेळाडूला ठरवताही येत नाही.

इथेच इतिहासाकडे वळायला हवं, कारण पगारमर्यादा मागणारे जणू जुन्या समतेच्या काळाकडे परत जायचंय अशा सुरात बोलतात. तो काळ कसा होता? १९७५ पर्यंत बेसबॉलच्या करारात एक कलम होतं, ज्याने खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाला बांधलेला राहायचा. मालकाने विकला तर दुसरीकडे, नाहीतर तिथेच. सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला पाठवलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि मी गुरांसारखा विकायचा माल नाही या भूमिकेवर थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९७२ मध्ये तो ५-३ असा हरला आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. तीन वर्षांनी लवादाने हे कलम मोडलं. आता सांगा, ते कलम असताना, म्हणजे पगार मालकाच्या मुठीत असताना, कुठली समता होती? यांकीजनी १९४९ ते १९५३ सलग पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या. १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत चौदा वेळा अमेरिकन लीग त्यांचीच होती. खेळाडू मोकळे झाल्यावर असं एकाही संघाला जमलेलं नाही.

कुणी म्हणेल, ही अब्जाधीशांची आणि कोट्यधीशांची भांडणं, आपण सामान्य माणसांनी त्यात बाजू का घ्यायची? रास्त शंका आहे. पण बाजू न घेणं म्हणजे काय, तर मालकांना जे हवं ते होऊ देणं. पगार कमी झाले म्हणून आजवर कुणी तिकीट स्वस्त केलंय? बिअर आणि पार्किंग स्वस्त केलंय? पिट्सबर्ग पायरेट्सकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर आहे, पण २०१५ नंतर प्लेऑफ नाही आणि १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज नाही. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला हिस्सा आजही लीगच्या वाटणीतून अशा संघांकडे येतो. तो मैदानावर खर्च होताना दिसत नाही. ओकलंडच्या मालकाने तर अर्धशतकाहून जास्त काळ तिथे असलेला संघ २०२४ नंतर उचलून सॅक्रामेंटोला नेला. ओकलंडच्या प्रेक्षकांना डॉजर्सच्या पैशाने अनाथ केलं का? ज्याने खर्च केला त्याच्यावर राग आणि ज्याने वर्षानुवर्षं केला नाही त्याच्याबद्दल सहानुभूती, हे मला समजत नाही.

हे सगळं आत्ताच का मांडतोय, तर वेळ जवळ येतेय. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड २०२५ चा उन्हाळाभर संघांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन खेळाडूंशी ‘अर्थकारणा’वर बोलत होते. करार झाला नाही तर टाळेबंदी होईल; हा शब्द मराठी माणसाला गिरणगावापासून ओळखीचा आहे आणि कामगारांनी तेव्हा किती काळ कळ काढली हेही आपल्याला ठाऊक आहे. २०२१-२२ ची टाळेबंदी ९९ दिवस चालली होती, तीही पगारमर्यादेचा आग्रह नसताना. मालकांना या वेळी लोकमत हवंय. फराळाच्या ताटाभोवती जे मी ऐकलं, तेच त्यांना हवंय: दुखावलेल्या प्रेक्षकाने स्वतःहून म्हणावं, की हो, घाला मर्यादा.

हे एकदा झालेलं आहे. १९९४ मध्ये मालकांनी पगारमर्यादा पुढे केली, खेळाडू १२ ऑगस्टला संपावर गेले आणि १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज रद्द झाली. दोन महायुद्धांत न थांबलेली स्पर्धा त्या वर्षी थांबली. त्या दिवशी सगळ्यात पुढे कोण होतं? माँट्रिआल एक्सपोज, ७४ विजय आणि ४० पराभव, कमी पगाराचा, तरुण खेळाडूंचा संघ. ज्यांच्या नावाने मर्यादा मागितली जाते, नेमका तसा. मर्यादेच्या त्या लढाईने त्यांचं सर्वोत्तम वर्ष खाल्लं, नंतर एकेक खेळाडू गेला, आणि २००५ मध्ये तो संघ वॉशिंग्टनला गेला. माँट्रिआलमध्ये आजही मेजर लीग बेसबॉल नाही. आणि त्या वर्षी गतविजेते कोण होते? टोरांटो ब्लू जेज, १९९२ आणि १९९३ सलग दोनदा. १९९४ ला वर्ल्ड सिरीज झालीच नाही, आणि १९९३ नंतर टोरांटोला ती पुन्हा दिसायला बत्तीस वर्षं गेली. त्या शुक्रवारी स्टेडियममध्ये जे पन्नाशीतले बाप आपल्या पोरांना घेऊन बसले, त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

मी त्या शुक्रवारी टोरांटोच्या बाजूने असणार होतो. लेक अजून तयार नव्हती. स्प्रिंगरला ती टाळ्या वाजवणार नाही म्हणत होती, आणि ओहतानीचा खेळ चुकवायचाही नाही म्हणत होती. पाडव्याच्या दिवशी ओवाळून झाल्यावर तिने माझ्याकडून ओवाळणीत एकच गोष्ट मागून घेतली: मार्चमध्ये अ‍ॅरिझोनाला, पिओरियात, मरिनर्सचा सराव बघायला जायचं. तिथे खेळाडू कुंपणाशी येऊन सह्या देतात, असं तिने कुठेतरी ऐकलंय. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही? २०२७ च्या मार्चमध्ये पिओरियाचं फाटक उघडं असेल की नाही, हे मला तिला सांगता आलं नाही.